नळाला पाणी येते, पण ते पिण्याजोगे कधी ठरते?

पुण्याच्या पश्चिमेला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे आहेत आणि चारही भरली की त्यांत सुमारे २९ टीएमसी पाणी साठते. त्यातले बरेचसे शेतीला जात असले, तरी शहर जेवढे पाणी उचलते त्याची सरासरी काढली तर ती माणशी रोज १३५ लिटरच्या शहरी निकषापेक्षा कमी भरत नाही. असे असूनही उन्हाळा लागला की वाघोली, उंड्री, आंबेगाव या बाजूंच्या सोसायट्यांत टँकरच्या फेऱ्या सुरू होतात, जुन्या पेठांत पाणी ठरल्या वेळेला काही तासच येते, आणि आलेले पाणी तसेच प्यावे की उकळून, हा प्रश्न घरोघरी उरतोच. विकसनशील देशांतल्या पाणीप्रश्नाविषयी वाचताना डोक्यावर हंडे घेऊन उन्हातून चालणाऱ्या बायकांचे चित्र डोळ्यांपुढे येते. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. आज जगातल्या कोट्यवधी लोकांच्या घरात किंवा दारात कुठले ना कुठले पाणी पोहोचले आहे. त्या पाण्याचा भरवसा मात्र पोहोचलेला नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून जगातल्या पाण्याची आणि शौचालयांची मोजदाद करतात. त्यासाठी त्यांनी पायऱ्या ठरवल्या आहेत. नदी, ओढा किंवा तळ्याचे पाणी थेट पिणारे लोक सर्वांत खालच्या पायरीवर येतात. त्यांच्या वर उघड्या, कठडा नसलेल्या विहिरीवाले. हातपंप, झाकलेली विहीर किंवा नळ असेल आणि जाऊन-येऊन, रांगेत थांबून पाणी आणायला अर्ध्या तासाहून जास्त लागत नसेल, तर त्याला ‘मूलभूत’ सोय म्हणतात. सर्वांत वरच्या पायरीला मात्र तीन अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात: पाणी घराच्या आवारात हवे, लागेल तेव्हा मिळायला हवे, आणि त्यात विष्ठेतले जंतू किंवा आर्सेनिक, फ्लोराइड यांसारखी घातक द्रव्ये नसावीत. २०२४ सालच्या आकड्यांप्रमाणे जगातले २१० कोटी लोक या वरच्या पायरीपर्यंत पोहोचलेले नाहीत. शौचालयांच्या बाबतीत ही संख्या ३४० कोटी आहे, कारण तिथे नुसते शौचालय असून भागत नाही. त्यातल्या मैल्याची पुढे नीट विल्हेवाट लागली तरच ते वरच्या पायरीवर मोजले जाते. या मापाने पाहिले तर पुण्यातल्या फरशी घातलेल्या, नळ असलेल्या, शौचालय असलेल्या कितीतरी घरांचा हिशेबही पहिल्या फटक्यात लागणार नाही.

‘लागेल तेव्हा मिळायला हवे’ ही अट वरवर चैनीची वाटते. माणसे पाणी भरून ठेवतात, मग चोवीस तास पाणी कशाला, असा सवाल आपल्याकडे नेहमी केला जातो. पण ही अट सोयीपेक्षा आरोग्याशी अधिक निगडित आहे, आणि त्याचे कारण जमिनीखालच्या नळीत दडलेले आहे.

जलवाहिनी कितीही चांगली टाकली तरी काही वर्षांत तिच्या सांध्यांत बारीक फटी पडतातच. नळी चोवीस तास दाबाखाली असेल तर त्या फटींतून पाणी बाहेर झिरपते. पाणी वाया जाते, पण बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. पुरवठा बंद केला की नळीतले उरलेले पाणी उताराकडे निघून जाते, मागे पोकळी निर्माण होते, आणि त्याच फटींतून आजूबाजूच्या मातीतले पाणी आत खेचले जाते. दाट वस्तीत त्या मातीत काय असते, हे रस्ता खोदताना पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही: हाताच्या अंतरावर मैलावाहिनी, तिच्या शेजारी पावसाळी गटार, आणि कित्येक ठिकाणी गटारातूनच ओढून नेलेले घरगुती नळजोड. पहाटे चावीवाला येतो, रस्त्यावरचे लोखंडी झाकण बाजूला करून लांब दांड्याची चावी व्हॉल्व्हवर बसवतो आणि जोर लावून आटे फिरवतो. मग घराघरांतल्या नळांतून आधी हवा खरखरते, थोडे लालसर, गढूळ पाणी येते आणि नंतर स्वच्छ धार लागते. रात्रभरात नळीत जे शिरले ते या पहिल्या पाण्यातून बाहेर पडत असते. पहिली बादली फरशी पुसायला काढण्याची जुन्या वाड्यांतली रीत म्हणूनच शहाणपणाची होती.

यात भर पडते ती नळाला थेट लावलेल्या मोटरीची. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून एक घर मोटर लावते, त्याने शेजाऱ्याचा दाब कमी होतो, म्हणून शेजारीही लावतो. सगळ्या मोटरी एकदम पाणी ओढू लागल्या की पुरवठा चालू असतानाही नळीत पोकळी निर्माण होऊ शकते. बहुतेक ठिकाणी हे बेकायदा आहे आणि बहुतेक ठिकाणी चालते. शिवाय जे पाणी तासाभरात भरून ठेवायचे असते ते पिंपात, टाकीत, कळशीत साठते. त्यात हात बुडतात, तांब्या बुडतो, आणि दुसऱ्या दिवशी नवे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून ओतून दिले जाते. पाणी वाचवण्यासाठी तास कमी करावेत असे म्हणणाऱ्यांनी हा रोजचा ओतून देण्याचा हिशेब कधी तरी मांडायला हवा.

नळीत शिरलेल्या जंतूंवरचा शेवटचा पहारेकरी म्हणजे क्लोरीन. शुद्धीकरण केंद्रात पाणी गाळून त्यात क्लोरीन टाकतात, ते केवळ तिथले जंतू मारण्यासाठी नव्हे. वाटेत काही मिसळलेच तर त्याचाही बंदोबस्त व्हावा म्हणून थोडे क्लोरीन पाण्यात मुद्दाम शिल्लक ठेवतात. भारतीय मानकाप्रमाणे घरच्या नळाशी ते एका लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेले असावे लागते. गावात हे काम टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीने होते. ताज्या पावडरीत साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असते, पण गोणी उघडी राहिली, दमट खोलीत पडली, तर काही आठवड्यांत त्याचा जोर उतरतो आणि ग्रामपंचायतीचा कर्मचारी मापाने पावडर टाकत राहिला तरी पाण्यात काही उरत नाही. हे पकडण्यासाठी ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या औषधाने करायची क्लोरीनची चाचणी आहे. काचेच्या छोट्या नळीत नळाचे पाणी घ्यायचे, त्यात या औषधाचे काही थेंब टाकायचे आणि पाणी पिवळे होते का ते क्लोरोस्कोपच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचे. पिवळेपणा आला तर क्लोरीन आहे. पाणी तसेच राहिले तर नाही. मिनिटाभराचे काम आहे आणि खर्च नगण्य आहे. टाकीपाशी ही चाचणी केली तर ती बहुधा उत्तीर्णच होते. ती करायला हवी गावाच्या शेवटच्या टोकाच्या घरी, जिथपर्यंत येता येता क्लोरीन संपलेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

पुण्याला याचा धडा जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. सगळ्या जिल्ह्याचे आणि आसपासचे मिळून संशयित रुग्ण दोनशेच्या घरात गेले आणि काही जण दगावले. हा आजार स्वतः संसर्गजन्य नाही. पोटात एखादा जंतुसंसर्ग होऊन गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला चढवते, तेव्हा तो होतो. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले. हा जिवाणू अर्धवट शिजलेल्या कोंबडीतूनही पोटात जाऊ शकतो, त्यामुळे प्रत्येक रुग्णाचे खापर पाण्यावर फोडता येणार नाही. पण ही गावे २०१७ आणि २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने महापालिका हद्दीत आली होती, तिथली वस्ती झपाट्याने वाढली होती, आणि पाण्याची व्यवस्था मात्र विहीर, बोअर आणि टँकर यांच्यावरच चालली होती. शहराची हद्द नकाशावर एका आदेशाने वाढते. शुद्धीकरण केंद्र, टाक्या आणि मैलावाहिन्या तशा वाढत नाहीत. लागोसपासून ढाक्यापर्यंत वेगाने फुगणाऱ्या सगळ्या शहरांच्या कडेला हीच स्थिती दिसते.

मग चोवीस तास पाणी देणे गरीब देशाला परवडते का? याचे सर्वांत चांगले उत्तर कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हने दिले आहे. यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या या शहरात १९९३ साली जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या लोकांना नळ होता, पाणी दिवसातून दहाएक तास येत असे, आणि सोडलेल्या पाण्यापैकी ७२ टक्क्यांचा पैसाच येत नव्हता. काही गळत होते, काही चोरले जात होते, काहीचे बिल कोणी भरत नव्हते. एक सोन चान नावाच्या अभियंत्याकडे पाणीपुरवठ्याची सूत्रे आली. त्यांनी ग्राहकांची यादी नव्याने केली, प्रत्येक जोडाला मीटर बसवले, सरकारी कचेऱ्या आणि लष्करी अधिकारी यांनाही बिल लावले, लाच घेणाऱ्यांना काढले, गळती शोधणाऱ्या पथकांना बक्षिसे दिली आणि गरीब घरांना नळजोडाच्या खर्चात मोठी सवलत दिली. एका बड्या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवायला गेले असता आपल्यावर बंदूक रोखली गेली, असे ते सांगत. दीड-दोन दशकांत हिशेबाबाहेरचे पाणी सहा टक्क्यांच्या आसपास आले आणि पाणी चोवीस तास, दाबाने मिळू लागले. नवे धरण बांधून हे झाले नाही. जे पाणी होते ते गळायचे आणि मुरायचे थांबल्यामुळे झाले.

आपल्याकडे कराडला लागून असलेल्या मलकापूरने छोट्या प्रमाणावर हेच केले: चोवीस तास पाणी, प्रत्येक जोडाला मीटर, आणि वापर वाढेल तसा चढता दर. नळाला कधीही पाणी येणार म्हटल्यावर साठवण्याची आणि ओतून देण्याची गरजच उरत नाही, त्यामुळे एकूण वापर वाढण्याची भीती प्रत्यक्षात खोटी ठरते. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेमागचा विचारही हाच आहे. तिथे मीटर बसवायला ठिकठिकाणी विरोध झाला, आणि त्यात नवल नाही. ज्याला आज ठोक पाणीपट्टीत हवे तेवढे पाणी मिळते त्याला मीटर नकोच असते, आणि ज्याला पाणीच मिळत नाही तो मोर्चा काढण्याच्या वेळी टँकरची वाट पाहत असतो. पाणी फुकट असावे अशी मागणी गरिबांच्या नावाने होते खरी, पण नळ नसलेले गरीब टँकर किंवा जारचे पाणी विकत घेतात तेव्हा लिटरमागे नळवाल्यापेक्षा कितीतरी पट जास्त मोजतात.

भरवसा नसला की ज्याला परवडते तो स्वतःपुरती वाट काढतो. पुण्यात ती वाट म्हणजे स्वयंपाकघरातला आरओ. धरणाच्या पाण्यात विरघळलेले क्षार मुळातच कमी असतात. अशा पाण्याला आरओची गरज नसते, आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे त्याहून जास्त पाणी मोरीत सोडणारे हे यंत्र लावून आपण चांगल्या पाण्याची नासाडी करतो. जंतूंची शंका असेल तर खळखळून उकळणे पुरते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याची गोष्ट वेगळी.

आणि बोअरचे पाणी दिसायला नितळ असते म्हणून निर्धोक समजणे ही चूक बांगलादेशाला फार महागात पडली. तळ्या-नद्यांच्या दूषित पाण्याने मुले दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे युनिसेफच्या मदतीने लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता आणि अतिसाराच्या बाबतीत त्याचा उपयोगही झाला. पण त्या भूजलात नैसर्गिकरीत्या आर्सेनिक होते आणि त्याची तपासणी कोणी केलीच नव्हती. १९९३ मध्ये ते उघडकीस आले तोवर कोट्यवधी लोक ते पाणी वर्षानुवर्षे प्यायले होते. पुढे सुमारे ५० लाख कूपनलिका तपासून सुरक्षित पंपांना हिरवा आणि घातक पंपांना लाल रंग देण्यात आला. आपल्या चंद्रपूर, यवतमाळ भागांत आर्सेनिकची जागा फ्लोराइड घेते, ज्याने दात पिवळे पडतात आणि हाडे आखडतात. जंतू उकळून मरतात. आर्सेनिक आणि फ्लोराइड उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. योजनेच्या कोनशिलेपेक्षा या तपासणीची नोंदवही मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ग्रामसभेत ती मागून पाहण्याचा हक्क कोणालाही आहे.

आता दुसरी बाजू. पाण्यात विष्ठेतले जंतू येतात ते कुणाच्या तरी शौचालयातून किंवा ते नसल्यामुळेच. स्वच्छ भारत अभियानाने २०१४ ते २०१९ या काळात खेडोपाडी शौचालये उभी केली, आणि त्याआधीही महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने २००० सालापासून गावागावांत या विषयाची चर्चा घडवली होती. पण हागणदारीमुक्तीचा फलक गावच्या वेशीवर लागल्यावर खरी परीक्षा सुरू होते, कारण खड्डा कधी ना कधी भरतोच.

ग्रामीण भागासाठी सर्वांत उपयुक्त रचना आहे दोन शोषखड्ड्यांची. भांड्याच्या मागे एक छोटा चौकोनी चेंबर असतो, त्यातून दोन खड्ड्यांकडे दोन नळ्या जातात आणि एका वेळी एकच नळी उघडी ठेवतात. खड्डे साधारण मीटरभर खोल, विटांचे बांधकाम जाळीदार, तळ मातीचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरते आणि मैला मागे राहतो. पहिला खड्डा भरायला कुटुंबाला काही वर्षे लागतात. तो भरला की चेंबरमधली नळी बदलून दुसरा वापरायचा. बंद ठेवलेल्या पहिल्या खड्ड्यातला मैला वर्ष-दीड वर्षात कुजून वास नसलेले खत होतो आणि घरचा माणूस तो फावड्याने काढू शकतो. ही रचना स्वस्त आहे, पण लोकांना खड्डा लहान वाटतो. ‘एवढासा खड्डा लगेच भरेल’ म्हणून ते एकच दहा फूट खोल खड्डा घेतात, किंवा गावाकडे जिला सर्रास ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात ती बांधतात. खोल खड्डा भूजलापर्यंत पोहोचला तर शेजारच्या विहिरीत थेट विष्ठा मिसळते. टाकी असेल तर ती दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते, आणि ते कोणी करत नाही. तुंबून अंगणात पाणी आले की मगच टँकरवाल्याला फोन जातो. तो मैला उपसून नेतो आणि कित्येकदा गावाबाहेरच्या ओढ्यात सोडतो. शौचालय घरात, मैला ओढ्यात, ओढा नदीत.

टाकीत माणूस उतरवणे तर त्याहून भयंकर आहे. कुजणाऱ्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू क्षणात शुद्ध हरपवतो, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी अशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत, आणि मरणारे बहुतेक एकाच थरातले असतात.

यावर वाई नगरपरिषदेने काढलेला मार्ग साधा आहे. तुंबल्यावर फोन करण्याऐवजी प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या पाळीप्रमाणे उपसायची, त्याचा खर्च घरटी छोट्या वार्षिक करातून काढायचा, कंत्राटदाराला प्रत्यक्ष उपसलेल्या टाक्यांप्रमाणे पैसे द्यायचे, आणि मैला गावाच्या प्रकल्पातच नेऊन प्रक्रिया करायची. सिन्नरनेही अशीच पद्धत स्वीकारली. भारतातल्या बहुतेक लहान शहरांना भूमिगत मैलावाहिन्या टाकणे नजीकच्या काळात परवडणार नाही, त्यामुळे त्यांच्यापुरता हाच मार्ग व्यवहार्य दिसतो.

संशोधकांनी बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे इथे मोठे प्रयोग करून पाहिले: घरोघरी क्लोरीन, साधी सुधारित शौचालये आणि हात धुण्याची सोय दिली तर मुलांची वाढ सुधारते का? २०१८ च्या सुमारास निष्कर्ष आले तेव्हा वाढीवर परिणाम जवळजवळ दिसला नाही. अतिसार बांगलादेशात कमी झाला, पण केनियात नाही. याचा अर्थ पाणी आणि शौचालय निरुपयोगी असा कोणी काढू नये. एका घराची स्वच्छता भोवतालची वस्ती तशीच घाण असताना फार पुरत नाही, असा त्याचा अर्थ मला दिसतो.

पुण्यासाठी भोवताल म्हणजे नदीही आहे. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. पुण्याचे मैलापाणी पूर्ण शुद्ध न होता नदीत जाते तेव्हा सोलापूरच्या शुद्धीकरण केंद्राचे काम आणि खर्च वाढतो, आणि तिथले पाणीही रोज येत नाही, दिवसांआड येते. जपानी अर्थसाहाय्याच्या प्रकल्पात पुण्यासाठी अकरा नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे आणि त्यांची मिळून रोज सुमारे ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता मंजूर झाली. त्या केंद्रांपर्यंत मैलापाणी नेणाऱ्या वाहिन्या नव्याने समाविष्ट झालेल्या गावांच्या गल्ल्यांत पोहोचल्या नाहीत, तर तिथले ओढे आजच्यासारखेच थेट नदीला मिळत राहतील.